वाढविलेल्या हाडाचें मोल

मनुष्यदेहाच्या एकेका अवयवाची किंमत रुपयांत मांडावी, ही कल्पना प्रथमदर्शनीं कोणासहि रुचत नाहीं. पाय हा कांहीं बाजारांत तोलून द्यावयाचा जिन्नस नव्हे. तथापि यंत्रयुगाचा इतिहास पाहतां असें आढळतें कीं, गिरणी ज्या गांवीं आली त्या गांवीं हा हिशेबहि तिच्या मागोमाग आला. वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट हें अशांपैकींच एक गांव.

वणा नदीच्या कांठचें हें गांव कापसासाठीं फार पूर्वीपासून प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकांत या प्रदेशांतील कापूस विलायतेच्या बाजारांत ‘हिंगणघाट’ याच नांवानें ओळखला जात असे. पुढें वर्ध्याहून लोहमार्ग आला, सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, आणि बन्सीलाल अबीरचंद व रेखचंद मोहता या धनिकांच्या नांवांच्या गिरण्यांनीं गांवाची गणना औद्योगिक शहरांत करून दिली. शेतांतील मनुष्य यंत्रापुढें उभा राहिला. शेतांतहि पाय मोडत असे. पण तेथें तो दैवाचा दोष ठरे. फिरत्या पट्ट्यांत सांपडून मोडलेला पाय मात्र कोणाच्या तरी खातीं मांडावा लागणार होता.

ती मांडणी १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानें केली. हा कायदा १ जुलै १९२४ पासून हिंदुस्थानांत अंमलांत आला. त्याला एक कोष्टक जोडलेलें होतें आणि त्यांत अवयवांची यादी होती. पाय गुडघ्याशीं किंवा त्यावर तुटला तर कमाईची शक्ति शेंकडा ६० नें घटली असें मानावें. गुडघ्याखालीं तुटला तर शेंकडा ५० नें. एक डोळा गेला तर ३० नें. पायाचा आंगठा गेला तर १० नें. पूर्ण अपंगत्वाची भरपाई प्रौढ कामगाराच्या बेचाळीस महिन्यांच्या वेतनाइतकी किंवा ३,५०० रुपये, यांपैकीं जी रक्कम कमी असेल ती. दरमहा २० रुपये मिळविणाऱ्या कामगाराचा पाय गुडघ्याखालीं तुटला, तर बेचाळीस महिन्यांचे ८४० रुपये आणि त्यांचे निम्मे ४२० रुपये, असें त्या पायाचें मोल होत असे.

हें कोष्टक वाचतांना मन विषण्ण होतें, हें खरें. परंतु त्याच कायद्यांत आणखी एक कलम होतें आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. पाय तुटला नाहीं, पण मोडला, आणि कामगार कांहीं काळ घरीं बसला, तर पहिले दहा दिवस सोडून पुढें दर पंधरवड्यास मासिक वेतनाचा चौथा हिस्सा, म्हणजे एकंदरींत अर्धा पगार, त्याला मिळावयाचा. मात्र पंधरवड्याची ही रक्कम पंधरा रुपयांवर जावयाची नाहीं. रक्कम तुटपुंजी होती. तत्त्व मात्र मोठें होतें. शरीर बरें होण्यास जे दिवस लागतात त्या दिवसांसहि किंमत असते, आणि ती कोणीतरी द्यावी लागते, हें सरकारनें कागदावर प्रथमच मान्य केलें. पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेचा पुढील सर्व इतिहास या एका तत्त्वाभोंवतीं फिरतो.

मोडलेला पाय जुळतो, परंतु पुष्कळदां आंखूड जुळतो. जन्मतः एक पाय लहान असणारीं मुलें असतात. बालपक्षघातानें, म्हणजे पोलिओनें, ज्यांच्या एका पायाची वाढ खुंटली अशीं माणसें तर या देशांत एके काळीं गांवोगांव दिसत. अशा पायाची लांबी वाढवितां येईल काय, या प्रश्नास पहिलें भरीव उत्तर इटलींतील बोलोन्या शहरीं मिळालें. तेथील शस्त्रवैद्य अलेस्सांद्रो कोदिव्हिल्ला यांनीं १९०५ सालीं आपली रीत प्रसिद्ध केली. हाड कापावयाचें, टांचेंत खिळा घालून पाय जोरानें ताणावयाचा, आणि त्या ताणलेल्या स्थितींत तो प्लास्टरमध्यें बसवावयाचा. लांबी वाढे, पण हा जोर शिरा, मज्जातंतु व स्नायु यांना सोसत नसे, आणि रोग्याच्या जिवावरहि बेते. पुढें पन्नास वर्षें जगभर अनेकांनीं या रीतींत सुधारणा केल्या, तरी हाडास घाई चालत नाहीं ही गोष्ट कोणास पुरती उमगली नव्हती.

ती उमगली सैबेरियांतील कुर्गान या आडगांवीं. गाव्रिइल इलिझारोव्ह हे तरुण डॉक्टर १९४४ सालीं त्या प्रांतीं नेमले गेले. युद्धांत जखमी झालेल्या व न जुळणाऱ्या हाडांच्या रोग्यांचा तेथें सुमार नव्हता आणि साधनांचा तर दुष्काळच होता. १९५० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत त्यांनीं एक उपकरण सिद्ध केलें. पायाभोंवतीं लोखंडी कडीं, त्या कड्यांतून हाडाच्या आरपार ताणून बसविलेल्या बारीक तारा, आणि कड्यांना जोडणाऱ्या मळसूत्री सळया, असें त्याचें रूप होतें. हाडाचीं टोंकें एकमेकांवर दाबण्यासाठीं तें होतें. एका रोग्यानें चाकी उलट्या दिशेनें फिरविली, टोंकें दूर गेलीं, आणि मधल्या फटींत नवें हाड उगवलेलें दिसलें, अशी एक हकीकत सांगण्यांत येते. ती कशीहि असो. पुढील अनेक वर्षांच्या प्रयोगांतून इलिझारोव्ह यांनीं जें माप ठरविलें तें आजहि जगभर पाळलें जातें. हाड कापल्यावर सुमारें आठवडाभर थांबावें, आणि मग दिवसास एक मिलिमीटर, तोहि चार वेळां पाव पाव मिलिमीटर, असें तें दूर करावें. इतक्या संथपणें ताणलें तर हाडाबरोबर कातडी, रक्तवाहिन्या व मज्जातंतुहि वाढतात.

या मापाचें गणित करून पाहिलें पाहिजे, कारण खर्चाचें मूळ त्यांतच आहे. पांच सेंटिमीटर, म्हणजे सुमारें दोन इंच लांबी हवी असेल तर नुसतें ताणण्यासच पन्नास दिवस लागतात. त्यानंतर फटींतील कोंवळें हाड भार सोसण्याइतकें कठीण होईतों थांबावें लागतें. बाहेरील कड्यांच्या पद्धतींत वाढविलेल्या प्रत्येक सेंटिमीटरमागें साधारणपणें एक ते दीड महिना उपकरण पायावर राहतें. म्हणजे दोन इंचांसाठीं पांच ते साडेसात महिने. एवढ्या काळांत तारांच्या छिद्रांची रोजची स्वच्छता, वरचेवर क्ष-किरणचित्रें, आणि गुडघा व घोटा आंखडूं नये म्हणून दररोज व्यायाम, हें सर्व चालावेंच लागतें. व्यायाम चुकला तर टांच जमिनीला टेकेनाशी होते. स्वच्छता चुकली तर जखम पिकते. शस्त्रक्रिया एका दिवसाची. तिचें फळ मात्र पुढील दोनशें दिवसांवर अवलंबून असतें.

आतां कुर्गानचा रोगी हे दोनशें दिवस कोणाच्या जिवावर काढीत असे? सोव्हिएट राज्यांत इस्पितळाचें बिल रोग्याच्या हातीं पडत नसे. महिनेच्या महिने खाट अडविली तरी त्याचा भार सरकारी तिजोरीवर पडे. उंच उडींतील ऑलिंपिक विजेता व्हालेरी ब्रुमेल याचा पाय १९६५ सालीं मोटारसायकलच्या अपघातांत चिरडला. अनेक शस्त्रक्रिया निष्फळ झाल्यावर १९६८ सालीं तो इलिझारोव्ह यांच्याकडे आला आणि पुन्हां उडी मारूं लागला. वेळ ही वस्तु जेथें रोग्याला विकत घ्यावी लागत नव्हती, अशा ठिकाणीं ही विद्या जन्मास आली, ही गोष्ट तिच्या इतिहासांत फार महत्त्वाची आहे. १९८० सालीं इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी यांचा जुना मोडलेला पाय कुर्गान येथें बरा झाला, आणि १९८१ सालीं इलिझारोव्ह यांनीं इटलींत व्याख्यान दिलें. तेव्हांपासून ती पश्चिमेकडे पसरली. जेथें खाटेच्या एकेका दिवसाचें बिल होतें अशा देशांत ती गेली, आणि तिचा हिशेबच पालटला.

हिंदुस्थानांत ही पद्धति रुजली ती मुख्यतः अपघात, पोलिओ व जन्मजात व्यंगें यांच्या निवारणासाठीं. विदर्भांत अकोला येथें डॉ. मिलिंद चौधरी यांनीं इलिझारोव्ह पद्धतीचें केंद्र चालविलें आणि दूरदूरचे शस्त्रवैद्य तेथें शिकण्यास आले. हिंगणघाटच्या रोग्यास वर्ध्यावरून मुंबईच्या मार्गानें अकोल्यास जातां येतें, ही सोय लहान नव्हे. ज्या मुलाचा एक पाय तीन इंच आंखूड, त्याला दोन्ही पायांवर सरळ उभें करणें यासारखें पुण्यकर्म वैद्यकांत थोडें असेल.

परंतु विद्येला हेतु विचारतां येत नाहीं. जी शस्त्रक्रिया आंखूड पाय दुसऱ्याच्या बरोबरीस आणते, तीच दोन्ही निकोप पायांवर केली तर मनुष्य उंच होतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस केवळ उंचीसाठीं ती करून घेणारे लोक पुढें येऊं लागले. चीनमध्यें हें वेड इतकें पसरलें व त्यांतून इतके अपंग निपजले कीं, २००६ सालीं तेथील आरोग्यखात्यानें शोभेसाठीं पाय लांब करण्यास बंदी घातली. दरम्यान बाहेरच्या कड्यांच्या जागीं हाडाच्या पोकळींत बसणारी व आपोआप लांबणारी सळई निघाली. २०११ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेली ‘प्रिसाइस’ नांवाची सळई बाहेरून चुंबकाच्या योगें लांबवितात. तारांचा जाच गेला, व्रण कमी झाले. पण सळईची किंमत फार, आणि हाड पक्कें झाल्यावर ती काढण्यास दुसरी शस्त्रक्रिया. तिच्याच जातीची अधिक भार सोसणारी ‘स्ट्राइड’ नांवाची सळई २०२१ सालीं कारखानदारानें बाजारांतून परत घेतली. तोंपर्यंत ती अनेकांच्या हाडांत बसलेली होती.

हा खर्च एखाद्या मध्यम स्थितीच्या कुटुंबावर कसा उतरतो, हें पाहणें उद्बोधक आहे. शस्त्रवैद्याची फी, भुलीचा खर्च, उपकरण, खोली, हे आंकडे आरंभींच कागदावर येतात व ते लाखांत असतात. त्यांची तजवीज होते: ठेव मोडते, दागिना गहाण पडतो, एखादें एकर विकलें जातें, किंवा हल्लींच्या रीतीप्रमाणें हप्त्यांचें कर्ज निघतें. पण कागदावर न येणारे आंकडे निराळेच आहेत. दोन्ही पायांवर एकाच वेळीं शस्त्रक्रिया झाल्यामुळें रोग्यास आधारासाठीं एकहि धड पाय उरत नाहीं. त्याला उठविण्या-बसविण्यास घरचें एक माणूस बांधलें जातें, आणि तें बहुधा आई किंवा पत्नी असतें. तिची मजुरी कोणी धरीत नाहीं. रोग्याचा स्वतःचा पगार थांबतो किंवा शिक्षणाचें एक वर्ष जातें. हिंगणघाटासारख्या गांवाहून मोठ्या शहरीं तपासणीस वारंवार जावें तर गाडीभाडें, मुक्काम, सोबतीचें माणूस. व्यायाम शिकविणाराची फी रोजची. आणि दहांतील एखाद्याच्या बाबतींत नव्हे, तर पुष्कळांच्या बाबतींत लहानमोठा कांहीं तरी उपद्रव होतोच: छिद्र पिकतें, हाड धरण्यास उशीर लागतो, गुडघा आंखडतो. तेव्हां तिसरा हप्ता चालूं असतां नव्या खर्चाचें पान उघडावें लागतें. कापसावर जगणाऱ्या घरांत पैसा दसऱ्यानंतर येतो आणि पुढील पावसाळ्यापूर्वीं संपतो. या खर्चास मात्र हंगाम नसतो.

मग असा खर्च वांटून घेण्याची कांहीं रीत आहे काय? या प्रश्नाचें एक विलक्षण उत्तर हिंगणघाटच्याच जिल्ह्यांत मिळालें आहे. सेवाग्राम येथें कस्तुरबांच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाभोंवतीं १९६९ सालीं डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकारानें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तेथील डॉ. उल्हास जाजू यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा विमा सुरू केला. सुगीच्या वेळीं, म्हणजे घरांत धान्य असतें तेव्हां, प्रत्येक कुटुंबानें आपल्या ऐपतीप्रमाणें ज्वारी द्यावी. जमीनदारानें अधिक, भूमिहीनानें थोडी. गांवांतील बहुसंख्य कुटुंबें सामील झालीं तरच गांव योजनेंत घ्यावयाचें. द्यावयाचें तें ऐपतीप्रमाणें, घ्यावयाचें तें गरजेप्रमाणें.

या योजनेंतील एक नियम येथें फार मोलाचा आहे. अकस्मात् कोसळणारें आजारपण आणि आधीं ठाऊक असलेला व ठरवून करावयाचा उपचार, यांत तिनें भेद केला. पहिल्याचा खर्च सर्वांच्या ज्वारींतून. दुसऱ्यासाठीं, म्हणजे सुखरूप बाळंतपण, मोतीबिंदु किंवा अंतर्गळाची शस्त्रक्रिया अशांसाठीं, बिलाचा कांहीं भाग रोग्यानें स्वतः सोसावयाचा. ज्याची तारीख आपण ठरवितो त्याच्यासाठीं आपणच कांहीं शिल्लक ठेवावी, हा विचार कोणा अर्थशास्त्र्याच्या ग्रंथांतून न येतां गांवकऱ्यांच्या व्यवहारांतून आला. मोतीबिंदूचाहि जेथें वाटा रोग्यानें उचलावयाचा, तेथें निकोप पायाच्या वाढीव दोन इंचांसाठीं शेजाऱ्याची ज्वारी मागतां येणार नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

सरकार व विमा कंपन्या यांनीं पुढें हीच रेषा अधिक काटेकोरपणें आंखली. महाराष्ट्रांत जुलै २०१२ मध्यें आठ जिल्ह्यांत सुरू झालेली व नोव्हेंबर २०१३ मध्यें सर्व राज्यांत पसरलेली जीवनदायी योजना २०१७ सालीं महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. गरिबाच्या मोडक्या हाडाला तिनें आधार दिला. शोभेच्या उंचीला तिच्यांत स्थान नाहीं. खाजगी विम्याच्या करारांतहि रूप बदलण्यासाठीं केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणें किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना व वैद्यकीय गरजेची शस्त्रक्रिया तेवढी घेतली जाते. करखात्यानें तर १ सप्टेंबर २००९ पासून सौंदर्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेवर सेवाकर बसविला. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां रोगनिवारणास माफी मिळाली, पण या शस्त्रक्रियेस ती नाकारली गेली. जन्मजात व्यंग, खुंटलेली वाढ किंवा इजा यांमुळें बिघडलेलें शरीर पूर्ववत् करणें असेल तरच माफी. म्हणजे एकाच टेबलावर, एकाच हत्यारानें, एकाच डॉक्टरानें कापलेलें हाड एका रोग्याच्या बाबतींत करमुक्त आणि दुसऱ्याच्या बाबतींत करपात्र ठरतें. हाडांत भेद नाहीं. भेद प्रयोजनांत आहे.

ही रेषा न्याय्य आहे काय? उंचीची इच्छा ही केवळ चैन आहे असें म्हणून हंसण्यावारी नेणें सोपें आहे. पण लग्नाच्या बाजारांत, मित्रमंडळींत, नोकरीच्या दारांत ठेंगणेपणाचा अपमान सोसणाऱ्या तरुणाचें दुःख खोटें नसतें. महाराष्ट्रांत पोलीस शिपायाच्या भरतींत पुरुषास १६५ सेंटिमीटर उंचीची अट असते. १६२ सेंटिमीटरच्या मुलाला ते तीन सेंटिमीटर म्हणजे आयुष्याचें दार वाटलें तर त्यांत नवल काय? मात्र त्याच भरतींत सोळाशें मीटर धांवण्याचीहि परीक्षा असते. ज्या शस्त्रक्रियेनें पहिली अट भागेल असें वाटतें, तीच शस्त्रक्रिया दुसरी अट हिरावून नेऊं शकते. दुःख खरें असलें म्हणून प्रत्येक उपाय खरा ठरत नाहीं.

२०१६ सालीं हैदराबाद येथें एका तरुणानें आई-वडिलांस न कळवितां ही शस्त्रक्रिया करून घेतली. तो घरीं येईना म्हणून शोध झाला, आणि आई-वडिलांना तो इस्पितळाच्या खाटेवर, दोन्ही पाय कापलेल्या हाडांनिशीं, सांपडला. देशभर गवगवा झाला. तरुण सज्ञान होता. शरीर त्याचें, पैसाहि त्याचा, मग इतरांचा संबंध काय, असा प्रश्न कित्येकांनीं विचारला. कायद्याच्या दृष्टीनें तो प्रश्न बिनतोड आहे. परंतु शस्त्रक्रियेचे पैसे एकट्यानें भरतां आले तरी बरें होण्याचे महिने एकट्यानें काढतां येत नाहींत. ते घर काढतें. ज्यांनीं पुढें सहा महिने उठवावयाचें, न्हाऊं घालावयाचें, रात्रीं दुखलें तर जागावयाचें, त्यांनाच आधीं विचारलें नाहीं, तर करारांतील मुख्य भागीदारच बाहेर राहिला असें होतें.

१९२३ च्या कायद्यानें गिरणीमालकाच्या खातीं अर्धा पगार लिहिला तो याच जाणिवेनें. कुर्गानमध्यें ती जबाबदारी राज्यानें घेतली. सेवाग्रामभोंवतींच्या खेड्यांनीं ती ज्वारीच्या राशींतून वांटून घेतली. केवळ उंचीसाठीं कापलेल्या हाडाच्या बाबतींत मात्र मालक नाहीं, राज्य नाहीं, गांव नाहीं. उरतें तें घर. म्हणून ज्या घरांतील तरुण या मार्गाकडे डोळे लावून बसला असेल, त्या घरानें त्याला हंसूं नये आणि घाईनें होकारहि देऊं नये. इस्पितळाच्या आंकड्याखालीं आपले स्वतःचे आंकडे लिहावे: किती महिन्यांचा पगार बुडेल, सेवेस कोण राहील, तिचें काम कोण करील, किती खेपा होतील, दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे कोठून येतील, आणि कांहीं बिघडलें तर हाताशीं काय राहील. तो कागद सर्वांसमक्ष पुरा झाल्यावरहि निश्चय टिकला, तर तो निदान डोळस निश्चय असेल. हाड दिवसास एक मिलिमीटरहून अधिक घाई सोसत नाहीं; त्याच्याविषयींचा निर्णयहि तितक्याच सबुरीनें व्हावा.